पिल्लांची घरे आधी मोजा

गेल्या बुधवारी दवाखाना आटोपत आला होता. शेवटचे पेशंट म्हणजे आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी. रक्तदाब पाहिला, गोळ्या लिहून दिल्या, तरी गुरुजी उठेनात. चष्मा पुसून झाला, पिशवीचे बंद सारखे करून झाले. अखेर म्हणाले, "डॉक्टर, एक विचारायचं होतं. तुमच्या खात्यातलं नाही म्हणा. आमच्या कुत्रीचं ऑपरेशन करावं की नाही? घरात दोन तट पडलेत. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, करून टाका. आमची ही म्हणते, मुक्या जनावरावर सुरी चालवायची नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो."

मी माणसांचा डॉक्टर. वैद्यकीय शिक्षणात कुत्र्याशी आमचा संबंध आला तो 'श्वानदंश' या एका धड्यापुरता. शस्त्रक्रिया कशी करायची, भूल किती द्यायची, हा पशुवैद्यकांचा प्रांत आहे आणि त्यात मी नाक खुपसणार नाही. पण शस्त्रक्रिया करावी की नाही, हे शेवटी घरातल्या माणसांनीच ठरवायचे असते. आणि घरातल्या माणसांनी ते ठरवले नाही, की कुत्रा चावलेले माणूस माझ्याच बाकावर येऊन बसते. म्हणून या आठवड्यात मधुमेह बाजूला ठेवून हा विषय घेतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्या घरी कुत्री किंवा कुत्रा आहे, त्याने एका कागदावर पाच घरांची नावे लिहावीत. या पाच घरांनी तुमची पिल्ले हौसेने मागितलेली असावीत, ती वेळेवर लस टोचून घेतील आणि रस्त्यावर सोडणार नाहीत, अशी तुमची खात्री असावी. पाच नावे झाली नाहीत, तर नसबंदी करून घ्यावी. हे शहाणपण मला पुस्तकात मिळालेले नाही. ते मला फार महागात पडले आहे.

चिमीची एकोणीस पिल्ले

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐन पावसाळ्यात एक गावठी पिल्लू आमच्या पडवीत येऊन राहिले. आमच्या सौ.ने तिचे नाव चिमी ठेवले. चिमी वर्षाची झाली आणि त्या भादव्यात आमच्या गडग्याभोवती बाजारपेठेतले आठ-दहा कुत्रे ठाण मांडून बसले. रात्रभर भांडणे, केकाटणे. शस्त्रक्रियेचा विषय तेव्हाच निघाला होता. माझी आई तेव्हा हयात होती. ती म्हणाली, "बाईचा जन्म आहे तिचा. एकदा तरी तिला आईपण कळू दे." मी गावाचा डॉक्टर असलो तरी घरात मुलगाच. गप्प बसलो. खरे सांगायचे तर आईचे निमित्त झाले. कुत्री गाडीत घालून देवरूखला किंवा रत्नागिरीला न्यायची, दहा दिवस जखम सांभाळायची, याचा मलाच कंटाळा होता.

एकदाचे चारदा झाले. चार वेतांत मिळून एकोणीस पिल्ले. ती सगळी मी 'खपवली' याचा मला त्या काळी अभिमान वाटे. खोकल्याचे औषध न्यायला आलेल्या माणसाच्या हातात जाताना एक पिल्लू. कोणी नाही म्हणाले नाही. का म्हणाले नाही, हे मला फार उशिरा उमगले. खेड्यात डॉक्टरला नाही कोण म्हणणार? उद्या रात्री-बेरात्री पोर तापले तर याच दारात यायचे असते. त्या लोकांनी पिल्ले हौसेने नेली नव्हती, भिडेखातर नेली होती.

पुढे एका सकाळी आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई आली. उजव्या तळहातावर आणि मनगटावर खोल दात लागले होते. जखमेत चुना भरलेला. कुत्रा कोणाचा, विचारले. ती म्हणाली, "तुमीच दिलेला कुत्रा, डॉक्टर." आवाजात राग नव्हता, तिने फक्त माहिती दिली. म्हणून ते वाक्य अधिक लागले. लस टोचली होती का? "कसली लस?" कुत्रा कुठे आहे? चावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बेपत्ता. म्हणजे एक दिवस वायाही गेला होता. चावलेला कुत्रा पुढे दहा दिवस डोळ्यांसमोर धडधाकट राहिला, तर चावतेवेळी त्याला रेबीज नव्हता एवढा दिलासा तरी मिळतो. इथे तोही नव्हता.

चुना काढून जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली. मुलाला माझ्याच गाडीतून सरकारी रुग्णालयात नेले. जखमेत सीरम आणि दंडात लशीचा पहिला डोस मिळाला. पुढचे डोसही एकेक करून झाले. मुलगा वाचला, आज तो कॉलेजात आहे. पण रेबीजची लक्षणे दिसायला सहसा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून अधिक. ते तीन महिने मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. त्या मुलाला साधा ताप आला तरी माझे हातपाय गार पडत. कारण इंटर्नशिपच्या काळात मी रेबीजचा रुग्ण पाहिलेला आहे. तहानेने घसा कोरडा पडलेला, पण पाण्याचा पेला समोर आला की घशाला असे झटके येत की पेला धरणाऱ्या नातेवाईकाचे हात थरथरू लागत. आणि शेवटपर्यंत शुद्ध. डॉक्टरला त्याच्यासाठी काही म्हणजे काही करता येत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जातोच, हे वाक्य आजही जवळजवळ शंभर टक्के खरे आहे.

त्या प्रकारानंतर मी एक काम केले. एकोणीस पिल्ले कोणाकोणाला दिली ते आठवून वहीत लिहिले आणि व्हिजिटला जाता-येता प्रत्येक घरी चौकशी केली. हिशेब असा निघाला. महामार्गावर गाड्यांखाली गेली, ५. बिबट्याने नेली, ३. पिल्लेपणीच जुलाब-उलट्या होऊन किंवा झटके येऊन गेली, ४. कुठे गेली कोणालाच माहीत नाही, ३. चावलेला कुत्रा त्यातलाच. जिवंत सापडली, ४. त्या चारांपैकी लस टोचलेली फक्त २. ही माझी 'खपवलेली' पिल्ले!

मला वाटले, आपलेच नशीब खोटे. तसे नव्हते. कोलकात्याच्या 'आयसर' या विज्ञानसंस्थेतील संशोधकांनी भटक्या कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांवर नजर ठेवली होती. २०१६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सात महिन्यांची होईपर्यंत त्यांतली सुमारे १९ टक्केच पिल्ले टिकली आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसाच्या हातून, म्हणजे वाहनाखाली, मारून किंवा उचलून नेल्यामुळे गेली. माझ्या वहीतला आकडा याहून फारसा वेगळा नाही. एका कुत्रीची सहा वर्षांत हजारो पिल्ले होतात, असा हिशेब कुठेकुठे छापून येतो. तो कागदावरचा गुणाकार आहे. प्रत्यक्षात बहुतेक पिल्ले मरतात. 'आपोआप सोय होते' असे आपण ज्याला म्हणतो, ती सोय ही अशी होते.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय

नसबंदी म्हटले की लोकांना माणसाची नसबंदी आठवते. दोन्हींत मोठा फरक आहे. माणसात पुरुषाची वीर्यनलिका किंवा स्त्रीची गर्भनलिका फक्त बांधतात वा कापतात. अंडाशय, वृषण जागच्या जागी राहतात आणि संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, पूर्वीसारखीच तयार होत असतात. कुत्रीच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशय आणि बहुधा गर्भाशयही काढून टाकतात. कुत्र्याचे दोन्ही वृषण काढतात. म्हणजे केवळ पिल्ले बंद होत नाहीत, तर ती संप्रेरकेही बंद होतात. फायदे आणि तोटे, दोन्हींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

फायदे

पहिला फायदा मी चिमीला गमावून शिकलो. मुलाच्या प्रकारानंतरही मी तिची शस्त्रक्रिया केली नाही. 'आता त्या दिवसांत बांधूनच ठेवू' असे ठरवले आणि खरोखर बांधून ठेवले. पिल्ले थांबली. ती नऊ वर्षांची असताना एकाएकी फार पाणी पिऊ लागली. सारखी लघवी, जेवणावर वासना नाही. मी माणसांचा डॉक्टर ना! मला वाटले मधुमेह. माझ्याच यंत्रावर तिची साखर तपासली. साखर ठीक निघाली म्हणून दोन दिवस निर्धास्त बसलो. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले. रत्नागिरीच्या पशुवैद्यकांनी पोटाला हात लावताच सांगितले, गर्भाशयात पू झाला आहे. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी, विशेषतः उतारवयाकडे झुकलेल्या कुत्रीला हा आजार होतो. पू बाहेर दिसला तर लवकर कळते. गर्भाशयाचे तोंड बंद असले तर मालकाला काहीच दिसत नाही. रात्रीच शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी चिमी गेली. जी शस्त्रक्रिया वर्षाच्या धडधाकट कुत्रीवर सहज झाली असती, तीच विष अंगात भिनलेल्या नऊ वर्षांच्या कुत्रीवर करावी लागली. स्वीडनमधल्या पाळीव कुत्र्यांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा दहा वर्षांची होईपर्यंत सुमारे पाचांत-चारांत एका कुत्रीला हा आजार झालेला आढळला. गर्भाशय आणि अंडाशय काढलेल्या कुत्रीला हा धोका जवळजवळ उरत नाही.

दुसरा फायदा स्तनांच्या गाठींबाबत. १९६९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे, पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया केली तर हा धोका शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्रीच्या तुलनेत अर्धा टक्काच उरतो. एक माज येऊन गेल्यावर केली तर ८ टक्के आणि दोन किंवा अधिक माजांनंतर २६ टक्के. पुढे २०१२ मध्ये जुन्या अभ्यासांची फेरतपासणी झाली आणि हा पुरावा वाटला होता तितका भक्कम नाही, असे मत पुढे आले. म्हणून मी एवढेच म्हणेन की फायदा बहुधा आहे, पण आकड्यांवर डोळे मिटून भिस्त ठेवू नये.

तिसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कुत्र्यांमध्ये एक कर्करोग चक्क संसर्गाने पसरतो. समागमाच्या वेळी आणि हुंगण्या-चाटण्यातून रोगट पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. जननेंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ येते आणि रक्त ठिबकत राहते. आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांत हा आजार बराच दिसतो. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या अंगात सुरू झालेली ही गाठ आजपर्यंत अशी एकाकडून दुसऱ्याकडे जात आली आहे. व्हिन्क्रिस्टिन नावाचे, माणसाच्या रक्ताच्या कर्करोगातही वापरतात तेच औषध त्यावर चालते, पण दर आठवड्याला शिरेतून द्यावे लागते. समागम टळला की याचा धोका पुष्कळ कमी होतो.

नर कुत्र्याचे म्हणाल, तर वृषणाचा कर्करोग होण्याचा प्रश्नच मिटतो आणि म्हातारपणी वाढणाऱ्या प्रोस्टेटचा त्रास टळतो. माजावरच्या कुत्रीच्या वासाने गडगे ओलांडून दोन-दोन दिवस परागंदा होणेही कमी होते. आपल्याकडे महामार्ग दाराशी आणि बिबट्या परसात. रात्री घरी असलेला कुत्रा अधिक जगतो, हे सांगायला संशोधन नको.

तोटे, तेही सांगितलेच पाहिजेत

पशुवैद्यक नसलो तरी तोटे झाकून ठेवणे मला पटत नाही. भूल आणि शस्त्रक्रिया म्हटली की थोडा धोका आलाच. निरोगी आणि तरुण जनावरात तो फार कमी असतो, शून्य नसतो.

वजन वाढते. संप्रेरके थांबल्यावर भूक वाढते आणि अंगाची गरज घटते. आमच्याकडे आता जो नर कुत्रा आहे, त्याची दीड वर्षाचा असताना शस्त्रक्रिया केली. सहा महिन्यांत तो पिंपासारखा झाला. दोष शस्त्रक्रियेचा होता तितकाच सौ.च्या हातच्या भाकरीचाही होता. खाणे साधारण पाव हिश्श्याने कमी केले, संध्याकाळी नदीपर्यंत फेरी सुरू केली, मग गडी ताळ्यावर आला.

काही कुत्र्यांना, मुख्यतः मोठ्या जातींच्या माद्यांना, पुढे झोपेत नकळत लघवी होण्याचा त्रास होतो. त्यावर औषध आहे. अमेरिकेत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हर जातीचा आणि २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक मोठ्या जातींत पहिल्या वर्षाच्या आत शस्त्रक्रिया केली तर सांध्यांचे विकार वाढलेले दिसले. लहान चणीच्या जातींत तसे दिसले नाही. म्हणून ज्यांच्या घरी लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड आहे, त्यांनी घाई न करता हाडे भरेपर्यंत थांबावे का, हे पशुवैद्यकांना जरूर विचारावे.

आणि एक गैरसमज. 'ऑपरेशन केलं की चावरा कुत्रा गरीब होतो.' असे धरून चालू नये. माजावरच्या मादीसाठी होणारी भांडणे कमी होतात. पण भीतीपोटी चावणारा कुत्रा शस्त्रक्रियेने सुधारत नाही, क्वचित अधिक बिथरतो. त्याला शिस्त आणि माया हेच औषध.

घरोघरचे आक्षेप

"निसर्गाच्या विरुद्ध आहे." हे शेतकऱ्याच्या तोंडी ऐकले की मला हसू येते. आपल्या गोठ्यातला नांगराचा बैल बडवलेला नसतो काय? अंडील बैल जोताला आवरत नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपण खोंड बडवत आलो, तेही पूर्वी भूल न देता. त्या वेळी निसर्ग कोणाला आठवला नाही. शिवाय भाकरी खाणारा आणि आपल्या पडवीत गोणपाटावर झोपणारा कुत्रा निसर्गाच्या हवाली आहेच कुठे? तो आपल्या हवाली आहे.

"एकदा तरी व्हायला हवे." एका वेताने कुत्रीच्या प्रकृतीला फायदा होतो, याला आधार नाही. मनाचे म्हणाल तर, पिल्ले एकेक करून नाहीशी झाल्यावर चिमी चार दिवस मांगरात त्यांना शोधत फिरायची. ते आईपण पाहिले असते तर माझ्या आईनेही मत बदलले असते, असे मला वाटते.

"राखण करणार नाही." राखण ही घराच्या ओढीतून येते. आमचा गडी आजही पोस्टमनला फाटकाच्या आत येऊ देत नाही.

"आमचा तर नर आहे. पिल्लं काय आमच्या घरी होणार?" हे वाक्य बोलणारे बहुधा पुरुष असतात. माणसांच्या कुटुंबनियोजनातही आम्ही हेच पाहत आलो. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पण टेबलावर चढायची बाईनेच. पिल्ले दुसऱ्याच्या पडवीत झाली म्हणून बाप निराळा होत नाही. हेही खरे की दहा नरांतल्या नवांची शस्त्रक्रिया केली तरी उरलेला एक गावभर पुरतो. संख्या आटोक्यात येते ती माद्यांच्या शस्त्रक्रियेने. म्हणून घरात दोन्ही असतील आणि खर्च एकाचाच झेपत असेल, तर आधी मादीची करावी.

"माज येऊ नये म्हणून इंजेक्शन मिळतं, ते दिलं तर?" ही इंजेक्शने संप्रेरकांची असतात आणि चिमीला झाला तो गर्भाशयाचा आजार त्यांनी ओढवू शकतो. पशुवैद्यकांच्या सल्ल्याशिवाय, परस्पर कोणाच्या सांगण्यावरून ती देऊ नयेत.

रेबीज आणि शेजारचा गोवा

आता माझ्या खात्यातले. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात, असा अंदाज आहे आणि माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्याकडून येतो. मी शिकत होतो तेव्हा मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असे आणि पोटात रोज एक याप्रमाणे चौदापर्यंत इंजेक्शने घ्यावी लागत. ती लस इतिहासजमा झाली. आजची लस दंडात चार-पाच वेळा घ्यावी लागते आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. तरी माणसे मरतात. कोणी जखम धुवत नाही, कोणी एका डोसनंतर थांबते, कोणी चुना-हळदीवर विसंबते.

आपल्या शेजारच्या गोव्याने काय केले पाहा. तिथे २०१३ पासून 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम घेतली. गावागावांत जाळी घेऊन माणसे हिंडली आणि दरवर्षी बहुसंख्य कुत्र्यांना लस दिली. शाळांत मुलांना शिकवले. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत गोव्यात रेबीजने माणसाचा एकही बळी गेला नाही आणि २०२१ मध्ये राज्याला रेबीज-नियंत्रित घोषित करण्यात आले. कोकणासारखीच माती, कोकणासारखीच माणसे आणि तसेच कुत्रे.

मात्र यातून योग्य तोच धडा घ्यावा. गोव्याने रेबीज हटवला तो मुख्यतः लशीने. नसबंदीने कुत्र्याला रेबीज होण्याचे टळत नाही. तुमच्याजवळ आज एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर आधी रेबीजची लस टोचून घ्या, मग नसबंदीचे पाहा. पण गावातल्या दहांपैकी सात कुत्र्यांना लस दिली आणि पुढच्या मार्गशीर्षात तितकीच बिनलशीची पिल्ले रस्त्यावर आली, तर केलेल्या कामावर पाणी पडते. लस आणि नसबंदी यांची जोडी आहे ती अशी.

भटक्या कुत्र्यांवरून सध्या देशभर वाद पेटला आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, नसबंदी आणि लसीकरण केलेली कुत्री, रेबीजची वा आक्रमक नसतील तर, पकडली त्याच भागात परत सोडावीत असे सांगितले. यावर एस.टी. स्टँडवर सुद्धा तावातावाने चर्चा होते. नगरपंचायत काय करते, सरकार काय करते, असे आपण विचारतो. विचारावेच. पण प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची आणि नसबंदीची जबाबदारी मालकाची आहे. शास्त्रीच्या पुलाखाली गोणीत सोडलेली पिल्ले सरकारच्या कुत्रीने घातलेली नसतात. ती कोणाच्या तरी पडवीतून आलेली असतात. एके काळी तशी एकोणीस माझ्या पडवीतून गेली.

कधी आणि कसे

गावठी किंवा लहान चणीची कुत्री साधारण सहा महिन्यांची झाली की पशुवैद्यकांना दाखवावी आणि वेळ ठरवून घ्यावी. पहिला माज सहसा सहा ते बारा महिन्यांत येतो. माजावर असताना रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून तातडीचे कारण नसेल तर दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. कुत्रीचे गाभणपण सुमारे ६३ दिवसांचे. भादव्यात 'राहिली' तर कार्तिकात पिल्ले, हा हिशेब लक्षात ठेवावा. आपल्या पावसात जखम कोरडी ठेवणे जिकिरीचे, तेव्हा जमल्यास दिवाळीनंतर ते वैशाखापर्यंतचा काळ निवडावा. शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचे ते विचारून घ्यावे. नंतर दहा दिवस उड्या नकोत, आंघोळ नको, जखम चाटू देऊ नये. गळ्यात घालायची प्लास्टिकची झडप मिळते, ती जरूर घालावी. जखम सुजली, वाहू लागली किंवा कुत्री मलूल झाली तर घरगुती उपाय न करता परत दाखवावे. आणि माणसांची वेदनाशामके देऊ नयेत. पॅरासिटामॉल, ब्रुफेन आपल्याला साधी वाटतात, पण कुत्र्यांना बाधू शकतात.

शस्त्रक्रिया न करणे हाही निर्णय असू शकतो. कुत्रा फार म्हातारा आहे, हृदय किंवा मूत्रपिंड अधू आहे, किंवा मालक खरोखरच त्याला मोकळा सोडत नाही आणि लशी वेळेवर देतो, अशा वेळी पशुवैद्यकांशी बोलून थांबायला हरकत नाही. फक्त तो निर्णय असावा, माझ्यासारखा कंटाळा नसावा.

गुरुजींना मी हे सगळे सांगितले नाही. वेळही नव्हता. प्रिस्क्रिप्शनचा एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, "गुरुजी, पिल्लं मागणारी पाच घरं लिहा. देणारी नव्हेत, मागणारी." गुरुजींनी चष्मा लावला. एक नाव झपकन लिहिले. दुसरे जरा विचार करून लिहिले, मग खोडले. कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "घरी विचारतो."

शनिवारी त्यांच्या सौ. स्वतः आल्या. तो कागद त्यांच्या हातात होता, त्यावर एकच नाव. बसल्या बसल्या त्यांनी विचारले, "दहा दिवस आंघोळ नको म्हणता, पण अंग ओल्या फडक्यानं पुसलं तर चालेल का हो?"

जखम सोडून बाकीचे पुसा, असे मी सांगितले.